पाच गाद्यांचा गाडा आणि एक यार्ड

मित्रांनो, दुसऱ्याचं चांगलं पाहून जळू नये, हे मला कुणी शिकवायला नको. बेकर्ट कॉलेजच्या मैदानाच्या कडेला बत्तीस वर्षं उभा राहून मी तेवढं शहाणपण कमावलंय. तरीही मी जळतो, आणि ते लपवणार नाही. मी बाराशे पौंडांचा जुना लोखंडी ढकलगाडा. मी ज्याच्यावर जळतो ते आहे चेंडू फेकायचं एक यंत्र. दोन रबरी चाकं आणि एक विजेची वायर, एवढाच काय तो त्याचा संसार.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यातला नाही. नेब्रास्कातल्या आमच्या टिल्डन फोर्क गावात गस व्होर्टमन नावाचा वेल्डर होता. शेतकऱ्यांची मोडकी अवजारं जोडून देणं हा त्याचा धंदा. त्याचा मुलगा कॉलेजच्या संघात खेळायचा. मुलाला सरावाला काही हवं म्हणून गसने जुन्या नांगरांचं पोलाद गोळा केलं, खाली घसरायला दोन लांब पट्ट्या बसवल्या, पुढे स्प्रिंगचे पाच हात लावले आणि प्रत्येक हातावर एकेक जाड गादी बांधली. रंग लाल दिला. तो आता शोधावा लागतो.

आमच्याकडचं फुटबॉल हातात लांबट चेंडू घेऊन खेळतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. समोरची शेवटची रेघ चेंडूसकट ओलांडली की गुण, आणि तिथवरचं अंतर यार्डात मोजतात, एक यार्ड म्हणजे तीन फूट. चेंडू कुणीतरी फेकतो, कुणीतरी पोटाशी धरून पळतो, आणि टाळ्या त्या दोघांना मिळतात. पण चढाई करताना सगळ्यांच्या पुढे पाच धिप्पाड पोरं असतात. समोरच्यांना ढकलून वाट काढायची, हे त्यांचं काम. त्यांना चेंडू घेऊन पळायला कधी मिळत नाही. ती पाच पोरं माझी. ती खाली वाकायची, माझ्या पाच गाद्यांना खांदे भिडवायची आणि मला रेटत न्यायची. कमरेत वाक किती हवा, पावलं किती छोटी हवीत, हे मी शिकवलं. कुणी सरळ उभं राहून ढकललं, तर मी जागचा हलायचो नाही. एवढीच माझी शिकवण्याची पद्धत.

या पुढच्या फळीचे कोच व्हर्लिन हॅस्कॅम्प माझ्या पाठीवर उभे राहून ओरडायचे. दर वसंतात ते पांढऱ्या चिकटपट्टीवर पाच नावं लिहून माझ्या गाद्यांवर चिकटवायचे. ज्याचं नाव माझ्यावर, तो संघात. पोरं सकाळी धावत यायची आणि आधी माझ्याकडे बघायची. काही जण नाव पाहून गुपचूप डोळे पुसायचे. त्या दिवसांत मला कुणाचा हेवा वाटायचा नाही. कशाला वाटेल?

मग गेल्या हिवाळ्यात चढाईचे नवे कोच आले, ट्रेंट पूल. त्यांच्याबरोबर ते यंत्र आलं. ढकलाढकली हे जुन्या काळचं काम, आता चेंडू हवेतून जाणार, असं त्यांचं म्हणणं. यंत्रात चेंडू सरकवला की तो भिरभिरत पन्नास यार्ड जायचा आणि पोरं तो झेलायला पळायची. मोठमोठ्याने हसायची. माझ्याबरोबर असताना कुणी हसल्याचं मला आठवत नाही, कण्हायची मात्र सगळी.

कोच पूल त्या यंत्राला 'राणी' म्हणायचे. राणीची चाकं स्पिरिटने पुसली जायची, तिला निळी खोळ होती आणि पाऊस दिसला की दोन पोरं तिला उचलून आत न्यायची. मी बत्तीस वर्षं त्याच पावसात उभा होतो. माझ्या गाद्यांत चिमण्यांनी घरं केली, तरी कुणी त्यांना हाकललं नाही. मी मनातल्या मनात म्हणायचो, हिची वायर उंदराने कुरतडली तर किती बरं होईल.

फेब्रुवारीत कोच पूल माझ्यासमोर उभे राहिले. "व्हर्लिन, हे धूड इथून हलवा. इथे दुसरं यंत्र यायचंय. शेजारच्या गावातली शाळा न्यायला तयार आहे, मी शब्द दिलाय त्यांना."

"धूड म्हणू नका त्याला," व्हर्लिन म्हणाले. "शेवटच्या रेघेपाशी एक यार्ड हवा असेल ना, तेव्हा तुमची राणी कामाला येणार नाही."

"पोरं याला ढकलून ढकलून बैल झालीत, व्हर्लिन. मला हरणं हवीत. आजपासून याला हात लावायचा नाही. जो लावेल तो संघाबाहेर."

व्हर्लिननी टोपी काढून डोकं खाजवलं. "ठीक आहे. पण एप्रिलातल्या सामन्यापर्यंत थांबा. तिथे एक यार्ड लागला आणि पोरांना मिळाला नाही, तर गाडा इथेच राहील. मिळाला, तर मी स्वतः याला ट्रेलरवर चढवीन."

"लागली पैज," पूल हसले.

ही पैज त्या दोघांना ठाऊक, आणि मला. पोरांना कुणीच काही सांगितलं नाही. एप्रिलातला सामना आपल्याच संघाचे दोन भाग करून खेळतात, त्यावरून येत्या मोसमाचा अंदाज बांधतात. बत्तीस वर्षं ज्यांच्यासाठी झिजलो, त्याच माझ्या पोरांना त्या दिवशी एक यार्डही मिळू नये, असं मी मनोमन मागू लागलो. लाज वाटते सांगायला, पण मागत होतो.

पोरांचे हाल सुरू झाले होतेच. आमच्याकडे गुरुवारी झणझणीत चिली, म्हणजे मांस-घेवड्याचं दाट कालवण, आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड पाव असतो. पुढच्या फळीचा तो जीव की प्राण. तो बंद झाला आणि उकडलेली कोंबडी सुरू झाली.

"ही कोंबडी जिवंतपणी आजारी होती का रे?" डाव्या बाजूचा माटेओ एकदा माझ्याशेजारी बसून म्हणाला.

"खा गपगुमान," ओवेन म्हणाला. "हरीण व्हायचंय ना तुला?"

ओवेन ड्रेसेन हा माझ्या मधल्या गादीचा मालक. शेतावर वाढलेला, अबोल, शेवटच्या वर्षाला. आता नावं चिकटपट्टीवर नव्हे, तर आतल्या टीव्हीच्या पडद्यावर लागायची, आणि त्या पडद्यावर ओवेनचं नाव दुसऱ्या रांगेत, म्हणजे राखिवांत सरकलं होतं. त्याच्या जागी चपळ पायांचा एक दुसऱ्या वर्षाचा मुलगा आला होता.

दोन दिवसांनी पहाटे साडेपाचला ओवेन माझ्यापाशी आला. इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकला आणि मधल्या गादीला खांदा दिला. मी पाच जणांचा गाडा, एकट्याने कसा हलणार? मी जेमतेम वीतभर सरकलो. त्याने पुन्हा रेटलं. अर्ध्या तासात आम्ही दहा फूट गेलो. माझ्या स्प्रिंगा कितीतरी आठवड्यांनी करकरल्या, आणि मला झालेला आनंद मी काय सांगू. राणीला असं पहाटे कुणी भेटायला येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याने माटेओला आणलं. मग आणखी तिघे आले, तो चपळ पायांचा मुलगासुद्धा. पाचांनी एकमेकांना बजावलं, "पूलना कळलं तर मेलो. व्हर्लिननाही सांगायचं नाही, म्हातारा उगाच अडकेल."

मला खूश व्हायला हवं होतं, पण एके दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. ही पोरं माझ्यावर घाम गाळतायत, त्यातूनच त्यांना तो एक यार्ड मिळणार. आणि तो यार्ड मिळाला की मी चाललो शेजारच्या गावाला.

मी काय केलं ऐका. बर्फ वितळून मैदानात चिखल झाला होता. मी माझ्या दोन्ही पट्ट्या चिखलात मुद्दाम रुतवल्या. म्हटलं, दमू देत, सोडून देत. पोरांनी शिव्या घातल्या. माटेओ म्हणाला, "हा खडूस आज हट्टाला पेटलाय." ओवेन म्हणाला, "मग आपणही पेटू." आणि पाचही जण आणखी खाली वाकले, पावलं आणखी छोटी केली आणि मला त्या चिखलातून चाळीस यार्ड रेटत नेलं, आणि उजाडायच्या आत फिरवून जागेवर आणून ठेवलं. मी जितका अडलो, तितकी ती तगडी होत गेली. माझ्या दुष्टपणाचाही त्यांना फायदाच झाला.

सामन्याचा शनिवार उजाडला. कोच पूल सकाळी गावच्या साप्ताहिकाच्या बातमीदाराला राणीजवळ घेऊन उभे होते.

"येत्या मोसमात चढाई कशी दिसेल?" बातमीदाराने विचारलं.

"दर सामन्याला चाळीस गुण. सगळे हवेतून," पूल म्हणाले. बातमीदाराने राणीचा फोटो काढला. मी त्यांच्या पाठीमागे दहा पावलांवर होतो. त्याने कॅमेरा थोडा वळवला असता तरी मी आलो असतो. वळवला नाही.

दुपारी वारा सुटला. आमच्या सपाट मुलखात वसंतातला वारा म्हणजे उभ्या माणसाच्या हातातली ताटली उडून जावी असा. सामन्याची शेवटची मिनिटं, चढाईवाले दोन गुणांनी मागे, शेवटची रेघ एका यार्डावर, आणि प्रयत्न उरले तीन. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, कोल्बी याने चेंडू फेकला, तो वाऱ्याने बाकांवर नेला. पुन्हा फेकला, तो थेट बँडवाल्यांच्या ढोलावर जाऊन आपटला. पूलनी बाहेरून तिसऱ्यांदा फेकायची खूण केली. कोल्बी धावत कडेला आला.

"कोच, वाऱ्यापुढे चालत नाही. पळायला सांगा."

"कोणाच्या जिवावर पळणार? पुढे हरणं आहेत."

"ओवेनला आत घ्या. तो म्हणतोय मिळेल."

पूलनी व्हर्लिनकडे पाहिलं. व्हर्लिन माझ्याकडे पाहत होते. मी देवाला म्हणालो, फक्त एवढा एक यार्ड नको देऊस.

ओवेन मध्ये जाऊन वाकला. चपळ पायांचा मुलगा एक जागा सरकला आणि ओवेनच्या दोन्ही बाजूंना पहाटेचेच चौघे वाकले. ते कसे वाकलेत हे मी पाहिलं आणि मला तिथेच कळलं. चेंडू हलला, पाचही खांदे एकदम लागले, छोटी छोटी पावलं पडली आणि समोरची अख्खी रांग दार उघडावं तशी मागे गेली. कोल्बी नुसता चालत रेघेपलीकडे गेला. ती रांग हटली किती, म्हणाल? एक नाही, चार यार्ड.

लोक उभे राहिले. मलाही उभं राहावंसं वाटलं. एका क्षणी माझी छाती अभिमानाने भरून आली आणि त्याच क्षणी माझं काळीज तुटलं. पूलनी व्हर्लिनच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "पाहिलंत? गाड्याशिवाय. चला, दोर शोधा."

सोमवारी शाळेचा ट्रेलर आला. व्हर्लिन ओवेनला माझ्याजवळ घेऊन आले आणि त्यांनी पैज सांगितली. ओवेनचा चेहरा उतरला.

"तुम्ही आधी सांगायचं ना, कोच."

"आणि तू रे? माझ्या नाकाखाली रोज ढकलत होतास, तू सांगायचं ना." व्हर्लिननी चिखलात उमटलेल्या माझ्या पट्ट्यांच्या ताज्या खुणांकडे बोट दाखवलं. "आज दिसल्या मला. म्हातारा झालो." मग त्यांनी हळूच विचारलं, "माहीत असतं तर नसतं ढकललंस?"

ओवेनने माझ्या मधल्या गादीवर हात ठेवला. "ढकललं असतं," तो म्हणाला. "माझं शेवटचं वर्ष आहे."

मला राग आला नाही, असं म्हणणं शोभून दिसेल. पण आला. त्याने थोडं खोटं बोललं असतं तर काय बिघडलं असतं?

"ट्रॅक्टर मागवतो," पूल लांबून म्हणाले. "ट्रेलरला लावलेल्या त्या फळीवरून हे माणसांच्याने चढायचं नाही."

"ट्रॅक्टर नको," ओवेन म्हणाला.

पाच जण आले, आपापल्या गादीपाशी वाकले. व्हर्लिन पाठीवर चढले नाहीत, बाजूला उभे राहिले. कुणी ओरडलं नाही. मी या वेळी पट्ट्या रुतवल्या नाहीत. ते इतके खाली वाकून, इतके एकदम रेटले की मी त्या चढावर एकदाही न थांबता वर गेलो. बत्तीस वर्षांत मला इतकं सुरेख कुणी ढकललं नव्हतं, आणि ते मला घालवून देण्यासाठी ढकलत होते.

ट्रेलरचं दार लागलं, खिट्टी पडली. पूल आ वासून पाहत होते. "हे कुठे शिकलात तुम्ही?"

ओवेनने पुढे येऊन सांगितलं, "याच्यापाशी. रोज पहाटे साडेपाचला. सगळं मीच सुरू केलं, कोच, काढायचं तर मला काढा."

पूल ट्रेलरजवळ आले. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं, पुढून मागून. मग व्हर्लिनकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "शाळेला शब्द दिलाय हो."

"मीही दिलाय," व्हर्लिन म्हणाले. ट्रेलर निघाला.

ओवेनला काढलं नाही. पाचही जणांना मैदानाच्या पायऱ्या पन्नास वेळा चढायला लावल्या, एवढंच. हे मला पुढे कळलं. ऑगस्टात इथल्या, म्हणजे शेजारच्या गावच्या, शाळेच्या कोचनी साप्ताहिक पोरांना वाचून दाखवलं. बेकर्टची चढाई यंदा मुलखात सर्वांत धारदार दिसते, असं त्यात होतं. वर राणीचा मोठा फोटो. कोल्बीच्या हाताबद्दल दोन रकाने. आणि शेवटी एक ओळ, की पुढची फळी अनपेक्षितपणे भक्कम आहे. अनपेक्षितपणे! बत्तीस वर्षांच्या कामाला हा शब्द मिळाला. त्या रात्री माझ्या गाद्यांतल्या चिमण्यासुद्धा मला नको झाल्या.

इथली पोरं चौदा वर्षांची आहेत. मला दोन बोटं सरकवतात आणि डोंगर हलवल्यासारखी नाचतात. परवा एकाने माझ्या पट्ट्यांना तेल लावलं. मी सुखी आहे का? बराचसा आहे. जळणं गेलं का? नाही, मित्रांनो, ते गेलेलं नाही, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू.

पण एक विनंती करतो. तुमच्या शाळेत, घरात, कामावर एखादी जड, ओबडधोबड वस्तू असेल, नाहीतर माणूस असेल, ज्याने तुमच्या अंगात बळ भरलं आणि ज्याचा फोटो कधी कुणी काढला नाही. त्याला पावसातून आत घ्या, त्याला तेलपाणी करा. आणि ते बळ त्याच्यामुळे आलं हे चार लोकांसमोर सांगा, पण वेळेवर सांगा. ओवेन चांगला मुलगा होता. त्यानेही सांगितलं, पण तोवर ट्रेलरची खिट्टी पडली होती.