सात दारांचा पुठ्ठा

मी एक जुना पुठ्ठा आहे. हसलात ना? हसा. ज्या कचेरीत मी बावीस वर्षं इमानानं चाकरी केली, तिथंही आता मला हसतात. पण मित्रांनो, माझ्यासारखा पुठ्ठा तुम्ही कधी पाहिला नसेल. माझ्या अंगावर सात दारं आहेत.

माझा जन्म ब्रेडच्या कारखान्यातला. पुडे भरायच्या एका खोक्याचा मी तळ होतो. कारखान्यातून रोज अठरा गाड्या अठरा मार्गांनी सुटायच्या. कोणत्या मार्गावर किती पुडे गेले आणि किती न खपता परत आले, हे हेडक्लार्क एका भल्यामोठ्या कागदावर लिहीत. अठरा ओळी, आणि प्रत्येक ओळीत सात वारांचे सात चौकोन. आमच्या मालकांना तो कागद पाहिला की घेरीच यायची. "काका, हे जंजाळ उचला हो माझ्यापुढून! मला पाच नंबरचं तेवढं सांगा," असं ते ओरडायचे. हेडक्लार्कना सगळेच काका म्हणत, अगदी मालकसुद्धा.

एका दुपारी काकांनी जेवणाचा डबा बाजूला सारला आणि ब्लेडनं मला कापलं. मधोमध एका ओळीएवढी लांबट खिडकी पाडली. त्या खिडकीवर चिकटपट्टीनं सात इवलीशी कागदी दारं बसवली, एकेका वाराचं एकेक. मला कागदावर ठेवायचं, हव्या त्या ओळीवर सरकवायचं आणि नको असलेल्या वारांची दारं लावून टाकायची, की झालं. मालकांनी पहिल्यांदा मला हाताळलं तेव्हा ते लहान मुलासारखे दारं उघडझाप करत बसले. "काका, तुमचं डोकं म्हणजे डोकं आहे!" असं म्हणाले. मी फुगलो. पुठ्ठा फुगला की वाया जातो म्हणतात, पण मी पुढची कितीतरी वर्षं तसाच फुगलेला राहिलो.

मग ती आली. कॉम्प्युटरचं शिकून आलेली, चष्मा डोक्यावर सारणारी, सारखी पेन हरवणारी. सगळे तिला नवी ताई म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात तिनं मला उचललं. "अय्या काका, हे काय? किती गोड आहे!" मी गोड? मी कामाचा होतो! पण काकांनी तिला माझं एकेक दार उघडून दाखवलं, आणि ती टाळ्या वाजवत म्हणाली, "मी अगदी हेच पडद्यावर करून देते."

आणि खरंच केलं की हो तिनं! पडद्यावर रंगीत खांब उभे राहिले आणि बाजूला बटणं आली. मार्ग निवडा, दुकान निवडा, वार निवडा. वारांची बटणं सातच आणि माझ्या दारांच्याच क्रमानं. बोट लावायचा अवकाश, खांब खालीवर व्हायचे. याला ती फिल्टर म्हणायची. नाव नवं, पण युक्ती माझी! माझी चोरली आणि वर मलाच गोड म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत ही गोष्ट वेगळी.

पण खरं दुःख ते नव्हतं. माझ्या जिव्हारी लागले ते काका. ज्यांनी मला हातानं घडवलं, तेच पडद्यापुढं वाकून म्हणत, "वा पोरी, वा! अजून एकदा दाखव." कागद लिहिणं बंद झालं. पडदा टेबलावर डुगडुगत होता, तेव्हा काकांनीच मला घेतलं आणि त्याच्या पायाखाली सरकवलं. ज्याच्यावर जळायचं, त्यालाच डोक्यावर घेऊन उभं राहायचं! निम्मा आत आणि निम्मा बाहेर असा मी पडून होतो. रोज मनात म्हणायचो, एकदा तरी हा फिल्टर तोंडावर पडू दे.

एक दिवस तो पडलाच.

या फिल्टरला एक खोड होती. एकानं लावून ठेवलं, की पुढच्यालाही तसंच दिसायचं. त्या सकाळी गाड्यांच्या सुपरवायझरनं सुट्ट्या ठरवण्यासाठी फक्त शनिवार-रविवार निवडला, पाहिलं आणि तो निघून गेला. थोड्या वेळानं मालक येऊन बसले. त्यांनी एकेक मार्ग पाहिला आणि सात नंबरवर थांबले. गेलेल्यातले जवळजवळ निम्मे पुडे परत! "हे काय? सात नंबर म्हणजे नुसती फेरी मारून येतोय! उद्यापासून बंद करा. गाडी विकून टाका."

सात नंबरच्या वाटेवर शाळा होत्या, कचेऱ्या होत्या. शनिवार-रविवारी तिथं कुलपं. मला सगळं दिसत होतं. सातातली दोनच बटणं पेटलेली होती. खरं सांगू? मला उकळ्या फुटत होत्या. आता कशी फजिती होते बघा, असं मी स्वतःशी म्हणत होतो. मला वाचा असती, तरी त्या वेळी मी गप्पच बसलो असतो.

काका मात्र अस्वस्थ झाले. "सातवर एवढा माल परत? पटत नाही गं मला," ते हळूच म्हणाले.

"काका, आकडे आहेत ते. माझ्या मनाचं थोडंच आहे?" ताई जरा फणकारली. काका मागं सरले. आपण म्हातारे, आपल्याला यातलं काय कळतंय, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

दुपारी सात नंबरचे ड्रायव्हर आले. त्यांना सगळे मामा म्हणत. घरी दोन मुली शिकणाऱ्या, त्यातली एक यंदाच कॉलेजात गेलेली. गाडी गेली, तर मामांना खोकी उचलायच्या कामावर घालणार होते, अर्ध्या पगारावर. त्यांनी चावी टेबलावर ठेवली. पण बोट चावीवरून काढवत नव्हतं. तेव्हा मात्र माझ्या उकळ्या थांबल्या. मला पडद्याची फजिती हवी होती, मामांची नव्हे.

"मालक, एक विचारू?" मामा म्हणाले. "रविवारी पोरं शाळेत कशी येतील? पण सोमवारी माझ्या गाडीत औषधालाही पुडा उरत नाही. सोमवारचं बघितलंत का तुम्ही?"

"बघितलंय सगळं," मालक म्हणाले.

ताईनं पडद्याकडं पाहिलं. सोमवारचा खांब लहान नव्हता, मोठाही नव्हता. तो नव्हताच. तिचा चेहरा उतरला. एक बोट लावून ती सगळं पूर्ववत करू शकली असती, कुणाला कळलंही नसतं. पण ती खुर्चीतून उठली.

"सर, थांबा. तुम्ही पाहिलेत ते दोनच दिवसांचे आकडे आहेत. आधीच्यानं निवडलेलं तसंच राहतं आणि ते कुठं लिहून येत नाही. असं मी बनवायला नको होतं. चूक माझी आहे."

मालक खूप बोलले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मग सातही दिवस लावले, तेव्हा सात नंबर सगळ्या मार्गांत चौथा निघाला. मालकांनी चावी स्वतः उचलून मामांच्या हातात दिली. मामा नुसतेच "येतो" म्हणाले आणि दोनदा दाराला धडकले. ताईनं संध्याकाळपर्यंत पडद्याच्या माथ्यावर ठळक पट्टी घातली: सातपैकी किती दिवस दिसत आहेत आणि कोणते झाकले आहेत. शेजारी एक बटण, सगळं पुन्हा उघडायचं.

"आता नाही व्हायचं असं," ती काकांना म्हणाली. काका माझ्याकडं बघत होते.

मित्रांनो, आता सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी काकांनी कशासाठी तरी माझं मंगळवारचं दार लावलं आणि उघडायचं विसरले. बारा नंबरच्या मार्गावर मंगळवारीच मोठा बाजार भरायचा. सहाच दिवसांची बेरीज ऐकून मालकांनी बारा नंबर बंद केला. त्याचा ड्रायव्हर गरीब स्वभावाचा, एका शब्दानं भांडला नाही. आठ दिवसांनी काकांच्या लक्षात आलं, तोवर गाडी विकली गेली होती. काकांनी माझं दार हळूच उघडलं आणि तोंड मिटलं. तो ड्रायव्हर आज आमच्या फाटकावर वॉचमन आहे. तो रोज सकाळी काकांना नमस्कार करतो आणि काका रोज दुसरीकडं बघत आत येतात.

त्या संध्याकाळी काकांनी मला पडद्याखालून ओढून काढलं आणि फाटकावर नेलं. कधीही न अडखळणारे काका तीनदा अडखळले, पण त्यांनी सगळं सांगितलं. वॉचमननं मला हातात घेतलं. अंगठ्यानं मंगळवारचं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"एवढ्याशा कागदामागं माझी गाडी होती होय?" तो म्हणाला. "मी अकरा वर्षं समजत होतो, मलाच धंदा जमला नाही. बायकोलाही तेच सांगितलं."

काकांना रडू आवरेना. पण त्यानं मला परत दिलं नाही.

आता मी त्याच्या केबिनमध्ये असतो, सातही दारं उघडी टाकून. पडद्यावर मी अजून जळतो, लपवत नाही. त्याच्या नशिबी अशी कारागीर आली, जी त्याची चूक त्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलली. माझ्या चुकीला बाहेर यायला अकरा वर्षं लागली, आणि तोवर एक माणूस स्वतःला नालायक समजत राहिला. म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणी तुम्हाला खिडकीतून काही दाखवलं, की आधी विचारा, झाकलंय काय? आणि दार तुमच्याच हातून लागलेलं असेल, तर आजच जाऊन सांगा.