चंद्राला इंजिन नसतं

"मग चंद्राला कुटं इंजिन हाय? त्यो का पडत न्हाई?"

आठवीतल्या चंद्रव्वानं उभं राहून विचारलं आणि सगळं थिएटर हसलं. भारताचा पहिला उपग्रह वर गेला त्या वर्षी शाळेनं मुलींना सकाळच्या खेळाला अंतराळातला एक परदेशी सिनेमा दाखवला होता. त्यात इंजिन बंद पडताच पृथ्वीभोवती फिरणारं यान दगडासारखं खाली कोसळलं होतं. खेळ संपल्यावर संस्थेचे अध्यक्ष पडद्यापुढे उभे राहून तेच विज्ञान म्हणून समजावत होते.

त्यांचा चेहरा उतरला. "काय हो मुक्ताबाई, विज्ञान तुम्ही शिकवता ना? कोण चुकतंय?"

मुक्ताबाईंना उत्तर ठाऊक होतं. पण त्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती आणि ती कायम करण्याच्या कागदावर सही अध्यक्षांचीच लागणार होती.

"साहेब बरोबर सांगतात," त्या म्हणाल्या. "चंद्रव्वा, खाली बस."

पोरीनं क्षणभर बाईंकडे पाहिलं. मग बसली.

दुसऱ्या दिवशी चंद्रव्वा शाळेत आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. संध्याकाळी मुक्ताबाई भवानी पेठेत तिच्या घरी गेल्या. तिचा बाप मल्लप्पा माग थांबवून लगबगीनं बाहेर आला.

"बाई, तुमी कशाला तरास घेतला? झोडपलीय की मी तिला. मोठ्या मानसाला उलट बोलती! लई शरम आणली."

मुक्ताबाई म्हणाल्या, "मल्लप्पा, ती बरोबर होती. खोटं मी बोलले."

त्याला काही उमगेना. आत चंद्रव्वा कांड्यांवर सूत भरत बसली होती. दंडावर वळ उठले होते. मुक्ताबाई तिच्याशेजारी जमिनीवर टेकल्या.

"चंद्र पडतच असतो गं. पण पडता पडता तो इतक्या वेगानं पुढंही जातो, की खालची गोल पृथ्वीही तेवढीच खाली वळत जाते. तो जमिनीपर्यंत पोचतच नाही. यानाचंही तसंच. इंजिन बंद पडलं म्हणून ते कोसळत नाही. उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. तू येशील ना?"

"व्हय बाई." तिनं मान वर केली नाही.

"आणखी काही विचारायचंय?"

चंद्रव्वानं बापाकडे पाहिलं. "न्हाई."

"आता न्हाई विचारणार ती कायबी," मल्लप्पा धीर देत म्हणाला. "तुमी काळजी करू नगा. आन् असं भुईवर बसू नगा, बाई."

त्यानं मागावरून नुकतीच उतरलेली कोरी चादर आणून अंथरली. मुक्ताबाई उठल्या, पण चादरीवर न बसता तिच्या काठाशीच उभ्या राहिल्या.