रस्त्याला लागलेलं पाणी

वडूजकडचा एक रस्ता दरवर्षी खचायचा. दुरुस्तीआधी आतलं डांबर तपासायला इंजिनिअर शिवांजलीनं ड्रिल मशीन लावलं, आणि बोअर मारतायत समजून निम्मं गाव लोटलं. भोकातून पाणी उसळताच एकच गलका झाला, "पाणी लागलं!" रंगूबाई तर नारळ घेऊनच धावत आल्या.

"आवं आजी, मशीन तापू नये म्हणून आमीच टाकीतलं पाणी सोडतोय," शिवांजली हसली. तिनं टाकीचा नळ बंद केला, डांबराचा गोल तुकडा काढला आणि भोक फडक्यानं कोरडं केलं.

बघता बघता ते काठोकाठ भरलं. पुन्हा टिपलं, पुन्हा भरलं!

इतकी वर्षं नुसतं वरून डांबर ओतलं, आणि रस्ता खालून भिजत होता!

"आजी, फोडा नारळ!" आता शिवांजलीच ओरडली. "पाणी लागलं!"