पडेन तर माझ्या मर्जीने

मी बिस्किट बोलतेय. नावाला हसू नका. अंगाचा रंग खरपूस भाजलेल्या बिस्किटासारखा, म्हणून हे नाव पडलं. सिनेमाच्या पोस्टरवर मात्र तुम्ही मला ‘वादळ’ या नावाने पाहिलं असेल. ‘वादळ, बेलगाम घोडा!’ घोडा म्हणे! मी घोडी आहे. घोडीवर बसलेला नायक लोकांना रुचणार नाही, असं कंपनीतल्या शहाण्यांनी परस्पर ठरवलं. मला विचारलं असतं तर मी लाथेनेच उत्तर दिलं असतं.

माझा जन्म वायोमिंगच्या माळावरचा. ऑर्विल प्रुइट तिथे गुराखी होता. कुरणं बर्फाखाली गेली की त्याला काम नसे, आणि रिकामा माणूस घोड्याला काहीतरी शिकवत बसतो. त्याने मला पळता पळता आडवं पडायला शिकवलं. ढोपरभर मऊ बर्फ असायचा. तो एका अंगाला झुकायचा आणि म्हणायचा, “घे गं लोळण!” की मी खांद्यावर पडायची. मग खिशातून वाळलेल्या सफरचंदाची फोड निघायची. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. मी त्याच्या शब्दाखातर पडत होते, आणि तोही माझ्याबरोबरच पडत होता.

मालकाची गुरं आगगाडीने लॉस एंजेलिसला पोचवायला आम्ही गेलो, ते परतलोच नाही. तिथे एका औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर गुराखी आपापल्या टोप्या घालून उभे राहत. सिनेमावाल्यांचा माणूस यायचा आणि टोपी बघून माणूस उचलायचा. सकाळी आम्ही दरोडेखोर असायचो आणि दुपारी शेरीफचे शिपाई. सकाळी जीव खाऊन पळायचं आणि दुपारी आपलाच पाठलाग करायचा, असला धंदा!

एकदा एका नायकाला घोड्यासकट पडायचं होतं. गडी रडकुंडीला आला. त्याचे कपडे घालून ऑर्विल बसला, म्हणाला, “घे गं लोळण!” आणि आम्ही धुळीचा असा लोट उडवला की ग्रिमशॉ साहेबांच्या हातातला भोंगा गळून पडला. हे आमचे दिग्दर्शक. त्यांनी त्या नायकाला घरी पाठवलं आणि ऑर्विलला ठेवून घेतलं. पुढे काही वर्षांतच गावोगावच्या पडद्यांवर ऑर्विल प्रुइट झळकू लागला. त्याच्या खाली मी होते, हे लोक विसरतात. मी विसरत नाही.

त्या सिनेमाला आवाज नव्हता, पण शूटिंगच्या जागी कान किटायचे. ग्रिमशॉ साहेब भोंग्यातून ओरडायचे. कॅमेऱ्याचा दांडा फिरवणारा घाम पुसत आकडे मोजायचा. नायिकेला रडू यावं म्हणून एक म्हातारा व्हायोलिन कुरकुरवायचा, त्याने मलाच रडू यायचं. आणि या सगळ्यात ऑर्विल माझ्याशी बोलत असायचा. अखंड. “पुढे बीळ आहे, जपून.” “त्या खलनायकाकडे बघू नकोस, कालच्या दारूचा वास येतोय.” पडद्यावर त्याचे ओठ हलताना दिसायचे आणि मग अक्षरांच्या पाटीवर काहीतरी शूर वाक्य यायचं. त्याच्या बोलण्यावरच मी पळत होते, वळत होते आणि पडत होते.

मिस लेनोर नावाच्या नायिकेला तो मिठीत घेतो, असं एक दृश्य होतं. तिच्या टोपीवर खरं गवत होतं. आता खरं गवत तोंडापुढे आणायचं आणि खायचं नाही, ही कुठली रीत? पाटीवर आलं, ‘प्रिये, तुझ्याविना हा माळ ओसाड आहे.’ थिएटरात बायका डोळे पुसत होत्या. ऑर्विलच्या घरमालकिणीची बहीण ठार बहिरी होती, ओठांवरून बोलणं ओळखायची. ती मात्र पोट धरधरून हसत सुटली. घरी येऊन घरमालकिणीने त्याला धरलं.

“काय रे, तू त्या पोरीला म्हणालास तरी काय?”

“पोरीला नाही हो, ताई. बिस्किटला म्हणालो. टोपी सोड, भवाने, नाहीतर आजची पेंड बंद.”

मग आवाज आला. माणसांना वाटलं, केवढा चमत्कार! मला वाटलं, सगळ्यांची वाचाच गेली. कॅमेरा काचेच्या पेटीत कोंडला. झुडपात मायक्रोफोन लपवला. भोंगा गेला, व्हायोलिन गेलं. कानाला टोपल्या लावलेला एक माणूस हात वर करून सारखा म्हणायचा, “शू! घोड्याचं पोट गुडगुडतंय, मला ऐकू येतंय.” म्हणजे आता माझ्या पोटावरही बंदी.

ऑर्विलला बोलपटांचं नवं काम मिळणार होतं. त्याचा आवाज जरा घोगरा, पण चालेल असा होता. अट एकच होती, पाठ करून दिलेली वाक्यं सोडून तोंडातून अक्षर काढायचं नाही. पहिल्याच बोलपटात शेवटी नायक छातीत गोळी लागून घोड्यासकट पडतो.

“मुकाट्याने कसा पाडू तिला, साहेब?” ऑर्विलने विचारलं.

“त्याची सोय केली आहे,” ग्रिमशॉ साहेब म्हणाले. “तू फक्त बस आणि पळव.”

ती सोय मला ठाऊक होती. माझ्या शेजारच्या ठाणात रेड नावाचा तांबडा घोडा होता, दिलदार, जरा बावळट. त्याच्या पुढच्या पायांना चामड्याचे पट्टे बांधले, पट्ट्यांना तारा लावल्या आणि तारांचं दुसरं टोक जमिनीत गाडलेल्या ओंडक्याला बांधलं. तो भरधाव सुटला. तार संपली तसे त्याचे पाय खालून ओढले गेले आणि तो मानेवर कोसळला. तो उठला नाही. सिनेमा पाहणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. माझं रक्त अजून उकळतं. बिचाऱ्याला तर आपण पडणार आहोत हेही कुणी सांगितलं नव्हतं.

आता तेच पट्टे माझ्या पायांत घातले.

“तार काढा,” ऑर्विल म्हणाला. “मी सांगितलं की ती पडते. सगळ्या जगाने पाहिलंय.”

“आणि सगळं जग आता ऐकणारही आहे! छातीत गोळी लागलेला नायक ‘घे गं लोळण’ म्हणणार का?” साहेबांनी आवाज खाली आणला. “ऑर्विल, शहाणपणा कर. घोड्या शंभर मिळतील. तू आज या फाटकातून बाहेर गेलास, तर उद्या तुला या गावात कुत्रंही विचारणार नाही.”

खरं सांगते, ऑर्विल डगमगला. त्याची बायको लिओटा पोटुशी होती. नवं घर घेऊन झालं होतं. तो खाली मान घालून उभा राहिला, मग माझ्यावर बसला. इतक्या वर्षांत तो माझ्या पाठीवर असा मुका पहिल्यांदाच बसला होता. मला तारेपेक्षा त्याचं वाईट वाटलं.

कानवाल्याने हात वर केला. काचेच्या पेटीतून खूण झाली. ऑर्विलने टाच मारली.

मी हलले नाही.

त्याने पुन्हा टाच मारली. मागून कुणीतरी चाबूक हाणला. एका मोतद्दाराने लगाम धरून ओढलं, त्याला मी तिथेच मातीत बसवला. आयुष्यभर मला पळ म्हणावं लागलं नव्हतं. त्या दिवशी मी चारही खूर रोवून उभी राहिले. कापा, जाळा, पण अशी नाही पळणार.

ऑर्विल उतरला. माझ्या पायांशी उकिडवा बसला आणि दातांनी, नखांनी त्याने ते पट्टे सोडले. उठून त्याने माझ्या कपाळाला कपाळ लावलं. “चुकलो गं बाई,” म्हणाला. मग साहेबांकडे वळला. “पडलेला घोडा हवाय ना? बघा.”

टांग मारून तो माझ्यावर बसला आणि आम्ही सुटलो. थेट त्या मायक्रोफोनच्या झुडपाकडे. तो पहिल्यासारखा घसा फोडून बोलत होता. मला शाबासकी, साहेबांना शिव्या, साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार, सगळं त्या यंत्रात ओतत होता. झुडपाशी आल्यावर तो गरजला, “घे गं लोळण!”

अशी लोळण मी आयुष्यात घेतली नव्हती. झुडूप गेलं, मायक्रोफोन गेला. कानवाला टोपल्या फेकून नाचत सुटला, बिचाऱ्याचे कान फाटायची वेळ आली होती. धूळ बसली तेव्हा आम्ही दोघं उभे होतो.

त्याच दुपारी आम्हाला काढलं. त्याचं नाव पुन्हा पडद्यावर आलं नाही. साहेबांचं कुत्र्याबद्दलचं बोलणं खोटं नव्हतं.

आता आम्ही संत्र्याच्या बागांमधल्या एका तबेल्यात राहतो. रविवारी शहरातली माणसं घोड्यावर बसायला येतात. ऑर्विलला कुणी ओळखत नाही. लिओटा कधी कधी हिशेबाला बसली की उसासा टाकते, पण बाहेर येऊन माझ्या तोंडात गाजर कोंबते. तिच्या मुलीला चालायला लागायच्या आधी मी पाठीवर घेतलं आहे.

परवा कंपनीचा एक तरुण मोटारीतून आला.

“प्रुइटकाका, आता आवाज मागाहून भरता येतो. शूटिंगला कितीही ओरडा. घोडी द्या, फार नाव ऐकलंय. तुम्ही नका येऊ, तुमचं वय झालं.”

“वय तिचंही झालंय. पण मला काय विचारता? तिलाच विचारा.”

तरुणाने माझ्यासमोर उभं राहून घसा साफ केला. “घे गं लोळण!”

मी त्याच्याकडे पाहिलं.

“घे लोळण! अहो काका, हिला ऐकू येत नाही का?”

“छान येतं,” ऑर्विल म्हणाला आणि कुंपणाला टेकून खदाखदा हसत राहिला.

तो तरुण हात हलवत ओरडत होता. मोटारीचा ड्रायव्हरही येऊन ओरडून गेला. ओरडा बाबांनो, हवं तेवढं ओरडा. तुम्हीही कधी या बाजूला आलात तर मला भेटा, पण कीव घेऊन येऊ नका. माझे दात पडलेत, पाठ वाकली आहे, पण पाय चारही शाबूत आहेत. ते दोघं घसा बसवून निघून गेले, आणि मी होते तिथेच उभी होते.