मनालीचा चांगला फोटो

इचलकरंजीला, सासरीच, लेकीला अग्नी दिल्यावर आक्काताई गडमुडशिंगीला परतल्या, तर दारात कृष्णात उभा. गावातलाच पोरगा, मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल चालवायचा. त्याला बघून त्यांना आधारच वाटला.

"आक्का, बातमी लावतो. एक चांगला फोटो द्या की."

आपल्याकडं माणूस गेलं की त्याचा फोटो, कोण कुठला ते आणि खाली रक्षाविसर्जन कधी, एवढी बातमी असते. फोटो चांगला मागितला तर चांगलाच द्यावा, असं आक्काताईंना वाटलं. डोक्यावरून पदर घेतलेला, गंभीर चेहऱ्याचा त्यांनी बाजूला ठेवला. जोतिबाच्या डोंगरावरचा दिला. मोकळे केस, डोळ्यांवर गॉगल, तोंडभर हसू. सासरी गेल्यापासून पोरगी एवढी हसलेली त्यांनी दुसऱ्या कुठल्या फोटोत पाहिली नव्हती.

घडलं होतं ते साधंच. मनाली कोल्हापुरात साडीच्या दुकानात कामाला होती. त्या संध्याकाळी तिची एसटी चुकली, म्हणून दुकानातल्या गणपतरावांच्या मोटारसायकलवर बसली. पन्नाशी उलटलेला माणूस, तिला पोरी म्हणून हाक मारायचा. वाटेत ट्रकनं उडवलं. दोघंही जागीच गेली.

पण साधी बातमी बघतो कोण? 'नवरा घरी, बायको कुणाच्या गाडीवर?' असं ठळक लिहून कृष्णातनं मनालीच्या गॉगलभोवती तांबडं वर्तुळ काढलं होतं. गॉगलात कसला पुरावा सापडला, देव जाणे! ट्रकवाल्याबद्दल अवाक्षर नाही. गणपतरावांचा फोटोसुद्धा नाही. ते बापडे नुसते अपघातात गेले, चारित्र्य गेलं ते तिचं एकटीचं. खाली तिला कधी न पाहिलेली माणसं तिची लक्तरं काढत होती. कुणीतरी लिहिलं होतं, 'हसण्यावरूनच कळतंय.' आक्काताईंनी ते वाचलं आणि त्यांना फोटो देणारा आपला हात तोडून टाकावासा वाटला.

रक्षाविसर्जनाला गेल्यावर इचलकरंजीच्या बायकांनी त्यांना बसायला जागा करून दिली नाही. जावई अमरसिंह तोंड फिरवून बोलला.

"मामी, आमची अब्रू गेली. मोनाला आता तिकडं धाडणार न्हाय."

मोना सहा वर्षांची. आई गेलेल्या पोरीला आईच्या मायेचं म्हणून आजीशिवाय कोण उरलं होतं? आक्काताई तडक कृष्णातकडं गेल्या.

"ती बातमी काढ. माझी नात तुटाय लागलीया."

"काढून काय हुणार? समद्यांनी बघितलीया. त्यापरास तुमीच बोला की कॅमेऱ्यासमोर. खरं काय ते कळू दे लोकास्नी."

त्यांना ते पटलं. या खेपेला चूक नको म्हणून पदर डोक्यावरून नीट घेतला, रडायचं नाही असं ठरवलं आणि बोलल्या, "व्हय, मनाली त्यांच्या गाडीवर बसलीती, पण एसटी चुकली म्हणून. बापाच्या वयाचा माणूस त्यो. माझी लेक घरला निघालीती, तिच्या पोरीकडं."

कृष्णातनं मान डोलावली. आक्काताईंना किती तरी दिवसांनी घास गोड लागला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. 'आईनंच दिली कबुली!' पडद्यावर आक्काताई म्हणत होत्या, "व्हय, मनाली त्यांच्या गाडीवर बसलीती." तिथंच कापलं होतं. मग रडकं संगीत, आणि पुन्हा तेच वाक्य.

दुपारी अमरसिंहाचा फोन आला.

"आता तर तुमीच कबूल केलंय. हितनं फुडं फोन करू नका." मागं मोनाचा आवाज येत होता, तेवढ्यात फोन बंद झाला. कृष्णात तर फोन उचलेनाच.

लेकीवर पहिला दगड परक्यांनी टाकला होता, दुसरा कृष्णातनं आपल्याच तोंडून टाकून घेतला, हे आक्काताईंना सोसवत नाही. त्या तो व्हिडिओ लावून बसतात. वाक्य तुटतं तिथं मोबाईल तोंडाजवळ धरतात आणि संगीत सुरू व्हायच्या आत उरलेलं घाईघाईनं सांगून टाकतात, "पण एसटी चुकली म्हणून. घरला निघालीती माझी लेक, तिच्या पोरीकडं."