मशीन तापायचं त्या दुपारी

"वारा आत जायला वाट ठेव, पोरी, आन् भाईर पडायला बी ठेव. नुसता आत शिरलेला वारा तिथंच मरतो."

हा आवाज माझ्या वडिलांचा, दादांचा. केंदूरला आमची कांद्याची चाळ होती, जमिनीपासून हातभर उचललेली, बांबूच्या फटींतून पलीकडचं शेत दिसायचं. मी सात-आठ वर्षांची असेन. मी वर कांदा पसरत होते आणि दादा चाळीच्या कडेला उकिडवे बसून खाली हाताचा पंजा फिरवत वारा कुठून येतो ते बघत होते. कांदा एकमेकाला चिकटला, त्याला ऊब कोंडली, की आतून सडतो आणि वरून कळत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. त्यांचा आवाज मी तिथंच सोडून आले. पुढं वीस वर्षांनी दौंडला सासरच्या पुढच्या खोलीत एका काळ्या डब्याला हात लावला, चटका बसला, आणि तो आवाज कानाशी येऊन उभा राहिला.

दोन हजार पाचचा मे महिना होता. काळा डबा म्हणजे व्हिडिओ गेमचं मशीन. माझे मिस्टर, सम्राट, रांजणगावच्या कंपनीत होते, आठवड्याला एकदा घरी यायचे. त्यांनीच एका मित्राकडून ते मशीन आणि जुना टीव्ही आणला आणि म्हणाले, "पुढची खोली रिकामीच हाय. सुट्टीत पोरं येतील पैसे देऊन खेळायला. तू बघ." मी बघायला लागले आणि बघता बघता त्या खोलीत रुळले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्या घरात माझी म्हणावी अशी ती पहिली जागा. दाराशी बसायचं, रेल्वे कॉलनीतली पोरं "सीमाताई, आमचा नंबर कवा?" म्हणत भोवती गोळा व्हायची. मी नाव घेऊन ज्याला आत बोलावीन तो आत. स्वयंपाकघरात मला कुणी नंबर विचारत नव्हतं.

पण ती खोली नवनाथलाही हवी होती. नवनाथ माझा धाकटा दीर. जीप आणि ट्रॅक्टरच्या सीटांना कव्हरं शिवायचा. भांडगावला हायवेच्या कडेला चार बांबू आणि एक ताडपत्री, हेच त्याचं दुकान. ट्रक गेला की ताडपत्री फडफडायची आणि शिलाई मशीनवर धुळीचा थर बसायचा. त्याचं मागणं खोटं नव्हतं. तेव्हा मात्र मला ते तसं दिसत नव्हतं.

सासरे आबा रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. त्यांचा शब्द म्हणजे सिग्नल. एप्रिलच्या शेवटी त्यांनी दोघांनाही समोर बसवलं.

"ही सुट्टी सीमा चालवंल," ते म्हणाले. "डबा नीट चालला तर खोली तिची. सारखा बंद पडाय लागला तर नवनाथनं त्याचं शिलाई मशीन आणून टाकायचं. मला रोजची कटकट नगं."

आणि मेच्या पहिल्याच आठवड्यात डबा बंद पडायला लागला.

वीज सकाळी जायची, अकराला यायची. अकरा ते एक पोरं खेळायची, एक ते चार मी खोली बंद ठेवायची आणि चारनंतर पुन्हा खेळ सुरू. पोरांनी क्रिकेटची मोठी मालिका मांडली होती, आठ संघांची. अर्धा खेळ जपून ठेवायचं जे छोटं कार्ड असतं ते आमचं बिघडलेलं, आणि पुण्याहून नवं आणायचं सम्राट दर वेळी विसरायचे. म्हणून दुपारी खेळ थांबवून मी फक्त टीव्ही बंद करायची, मशीन चालूच ठेवायची. त्याचा हिरवा दिवा तीन तास तसाच जळत राहायचा.

चारला खेळ सुरू झाला की पंधरा मिनिटांत चित्र थिजायचं, मशीनमधला पंखा घरघरायचा आणि सगळं काळं व्हायचं. मालिका गेली. पुन्हा पहिल्यापासून.

"ताई, मी सेंच्युरीवर हुतो!" पोरं ओरडायची. "काय ताई! फसवता व्हय?"

तो आरडाओरडा ऐकून भांडगावहून आलेला नवनाथ सायकल भिंतीला लावता लावता म्हणायचा, "वहिनी, चहाचं आधण ठेवा त्याच्यावर. गॅस वाचंल."

"तुमच्या जिभेवर ठेवते, भावजी. तिथं लवकर उकळंल."

"माझी जीभ बंद तर पडत न्हाई."

"तेच तर दुखणं हाय घराचं."

रोजचं हे असं. शब्द शब्दाला घासायचा. माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची. मला जातं मिळालं नाही, पण मशीन पुसता पुसता ओळी आपोआप जुळायच्या:

दीर धाकला माझा गं, बोल त्याचा बाभळीचा,
टाचेमधी मोडला गं, काटा दिसंना कधीचा.

मी उपाय केले, नाही असं नाही. टेबलफॅन लावला. टेबल भिंतीपासून ओढलं. कूलर मशीनसमोर आणला, तर दौंडच्या पाण्याचा पांढरा क्षार दोन दिवसांत डब्याच्या जाळीवर चढला, म्हणून तो परत मागे नेला. आणि मग त्या चटक्यासरशी दादांचा आवाज आला. मी सुताराच्या वखारीतून लाकडाच्या चार पट्ट्या आणल्या, दोन आडव्या, दोन उभ्या. त्यांची छोटी चाळ करून डबा टेबलापासून चार बोटं उचलला, खाली, मागे, दोन्ही बाजूंना वारा मोकळा ठेवला. आबा बघून गेले, मान हलवली. "रुळाला बी उन्हाळ्यात फट लागती," एवढंच म्हणाले.

तरी चारला डबा तापलेलाच. सकाळी गार, एकला कोमट, आणि चारला तवा. जेव्हा कुणी खेळत नाही तेव्हाच तो तापत होता. हे कसं?

मंगळवारी मी स्क्रू काढून तो उघडला. पंक्चरवाल्याकडून आणलेल्या पंपाने आत हवा मारली. जाळीतून पांढरे तंतू उडाले, बारीक, मऊ, कापसासारखे. ते मी तळहातावर घेतले आणि माझ्या डोक्यात एकच नाव आलं.

संध्याकाळी अंगणात सगळे होते. आबा खाटेवर, सासूबाई तांदूळ निवडत, नवनाथ हातपाय धूत. मी तळहात पुढं केला.

"आबा, हे बघा. मशीनच्या पोटातनं निघालं. आता सांगा, ह्या घरात कापसात हात कोण घालतं?"

नवनाथने मान वर केली. "माझ्याकडं बघून काय बोलताय?"

"तुमच्याकडं न्हाई तर कुणाकडं बघू? दुपारचं मशीनच्या तोंडात बोळा कोंबायचा आन् चारच्या आधी काढून घ्यायचा. माझा डबा बंद पडंल, तुमची खोली हुईल."

"दुपारी मी भांडगावला असतो!"

"रोज? परवा दीडला तर जेवाय आला हुता."

"जेवाय आलो, चोरी कराय न्हाई! आन् मी सीटमधी फोम भरतो, वहिनी. कापूस न्हाई भरत."

फोम आणि कापूस यांतला फरक त्या अंगणात ऐकायला कुणी तयार नव्हतं. आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की हातातला तांब्या त्याने खाली ठेवला. त्या रात्री तो जेवला नाही. मी जेवले, आणि चवीनं जेवले.

बुधवारी अडीचच्या सुमाराला मी सुई आणायला पुढच्या खोलीत गेले. ऊन दारातून आत सांडलं होतं. सासूबाई टेबलाशी वाकून उभ्या होत्या आणि काळ्या डब्यावर पांढरं कव्हर पसरत होत्या, चारी कोपरे हाताने सारखे करत, जसं बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. कव्हर डब्यावरून खाली पट्ट्यांपर्यंत लोंबत होतं. वाऱ्याची प्रत्येक वाट त्याने बुजवली होती.

ते कव्हर माझं होतं. लग्नाआधीच्या उन्हाळ्यात रुखवतासाठी मी क्रोशानं विणलेलं, मधे मोरांची जोडी.

पार्वतीबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सगळं झाकणाऱ्या. रेडिओ, पिठाचा डबा, सायकलचं सीट, आबांचा चष्मासुद्धा. उघडं दिसलं की त्यांचा हात पदराकडे जायचा.

मला बघून त्या हसल्या. "धुरळा लय उडतुया दुपारचा. तुझं मशीन उघडं पडलेलं बघवत न्हाई. तुझ्याच हातचं कव्हर हाय, पेटीत पडून कुजलं असतं. रोज घालते आन् चारच्या आधी झटकून घडी करून ठेवते, मळाय नगं म्हणून."

"रोज?" मी विचारलं.

"व्हय. पयल्या तारखेपासनं."

डब्याच्या आत चालू पंखा धापा टाकत होता. हिरवा दिवा मोरांच्या पिसांतून दिसत होता. मी एक शब्द बोलले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण बोलले असते तर नवनाथ सुटला असता. आबांना कळलं असतं की डबा माझ्याच कव्हरानं बंद पडला आणि मी दिरावर आळ घेतला, आणि खोली गेली असती. आईंना वाईट वाटेल म्हणून गप्प राहिले, असं मी नंतर स्वतःला कितीदा सांगितलं. ते खरं नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "उद्यापासनं दुपारी खोलीला कुलूपच लावते. म्हंजी धुरळा येणार न्हाई, तुम्हाला बी त्रास न्हाई."

"ते बरं हुईल," त्या म्हणाल्या आणि कव्हराची घडी करून माझ्या हातात दिली.

गुरुवारपासून कुलूप लागलं आणि गुरुवारपासून डबा चारला कोमट राहिला. शुक्रवारी तसाच, शनिवारीही. कुलूप कुणासाठी लागलं ते घरात कुणाला सांगावं लागलं नाही. आबांनी नवनाथशी बोलणं सोडलं. नवनाथ अंगणातून जाताना कुलपाकडे बघायचा आणि थुंकायचा.

"वहिनी," शनिवारी तो मला दाराशी म्हणाला, आवाज खाली, दात आवळून, "मी केलं असतं तर तोंडावर सांगून केलं असतं. डबा उचलून भीमेत फेकला असता. बोळे कोंबायची माझी जात न्हाई."

"मग फेकायचा हुता," मी म्हणाले. आणि त्याच्या तोंडावर दार लावलं.

रविवारी मालिकेचा शेवटचा दिवस. सम्राट आले होते. अकरापासून खोली पोरांनी भरली, दारात, खिडकीत पोरं. मी दर तासाला डब्याखालून तळहात फिरवत होते. वारा एकीकडून गार यायचा आणि दुसरीकडून ऊन होऊन बाहेर पडायचा. चार वाजले, पाच वाजले. चित्र थिजलं नाही. साडेपाचला शेवटचा चौकार बसला आणि पोरांनी असा गलका केला की स्टेशनवरच्या गाडीची शिट्टी त्यात बुडाली.

पोरं पांगल्यावर आबांनी सगळ्यांना आत बोलावलं. सम्राट भिंतीला टेकून उभे, सासूबाई उंबऱ्यात.

"खोली सीमाची," आबा म्हणाले. "आन् नवनाथ, तुझं ऐक. उद्यापासनं तुझी चूल तू बघायची. भावाच्या बायकुच्या पोटावर पाय देणारा माणूस माझ्या ताटाला बसणार न्हाई."

"दादा, तू तरी बोल," नवनाथ सम्राटकडे वळला.

सम्राट जमिनीकडे बघत म्हणाले, "आबा म्हणतील तसं. कुलूप लागल्यापासनं बंद पडलं न्हाई, नवनाथ. मी काय बोलू?"

नवनाथने ओठ चावला. तेवढ्यात सासूबाई उंबऱ्यातून पुढं आल्या.

"असं कसं केलंस रं तू?" त्या त्याला म्हणाल्या. "तिचं मशीन मी लेकरागत जपत हुते. आन् तू माझ्याच पोटचा त्याच्या वाईटावर? तुला काय कमी केलं हुतं मी?"

नवनाथ आईकडे बघत राहिला. त्याने खुंटीवरचा शर्ट काढला, कात्री आणि मापाची पट्टी पिशवीत टाकली.

खोली माझी झाली होती. मी तिच्या मधोमध उभी होते, आणि मला तिथं श्वास घेता येत नव्हता.

"थांबा, भावजी."

त्याने वळूनही बघितलं नाही. "आता काय ऱ्हायलंय?"

"आबा," मी म्हणाले, "नवनाथभावजींनी मशीनला हात बी लावला न्हाई. दुपारचं आई त्याच्यावर कव्हर घालत हुत्या, मी विणलेलं, धूळ बसू नये म्हणून. खाली मशीन चालूच असायचं, ते आईंना ठावं नव्हतं. ते तंतू बी त्याच कव्हराचे. मी बुधवारी डोळ्यांनी बघितलं आन् गप बसले. मला ही खोली पायजे हुती, म्हणून गप बसले."