घोडीला न ओळखू आलेली वहिनी

दिराची वहिनी म्हणून सगळ्यांचीच वहिनी झालेली ती बाई अकरा वर्षं एकच घोडी सांभाळत होती. समारंभात मुलांना घोडीवर बसवून फिरवायचं, हे तिचं काम. बुकिंग दीर घ्यायचा. या वेळी त्याच्या फोनवर समारंभ भरवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं: काळा कोट, पांढरे हातमोजे, चकचकीत बूट. खाली आणखी एक ओळ होती, अंगाला जनावराचा वास नसावा.

“मग कशाचा असावा?” वहिनीने विचारलं.

“ते लिहिलेलं नाही,” दीर म्हणाला.

सभागृहाच्या मागच्या दाराशी कंपनीच्या व्यवस्थापिकाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कोट बरा, बूट बरे. मग त्या जवळ आल्या, नाक मुरडलं आणि पर्समधली अत्तराची बाटली काढून तिच्या मानेवर, बाह्यांवर फवारे मारले.

वहिनी घोडीला उतरवायला टेम्पोत चढली. घोडीने कान मागे पाडले आणि ती थेट आतल्या टोकाच्या फळीला जाऊन टेकली. हातमोजा घातलेला हात पुढे केला, तर दात दाखवले. असं कधी झालं नव्हतं. वहिनीला काही सुचेना. रागवावं की समजूत घालावी? आणि घालावी तर कोण म्हणून?

“दहा मिनिटांत आत या,” बाई म्हणाल्या.

“ती मला ओळखत नाहीये.”

“पण तुम्ही अगदी व्यवस्थित दिसताय.”

“तोच घोटाळा झालाय.”

बाईही गोंधळल्या. वहिनीने कोट आणि हातमोजे दिराकडे दिले, नळावर जाऊन मान आणि हात खसाखसा धुतले. परत येऊन उघडा तळहात पुढे धरून नुसती उभी राहिली. घोडीने बराच वेळ हुंगलं. मग हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली आणि सदरा लाळेने भिजवला.

ती तशीच आत गेली. मुलांची रांग लागली. बाई दोनदा जवळ आल्या आणि भिजलेल्या सदऱ्याकडे बघून परत गेल्या.

“पुन्हा बोलावतील का गं?” परतताना दिराने विचारलं.

“काय माहीत. आपलं बरं झालं की वाईट, तेच कळत नाही.”

पुढच्या महिन्यात बोलावणं आलं. कपड्यांचा विषय कोणी काढला नाही, आणि वहिनीनेही विचारलं नाही.